कणगी, मास्तर आणि रिपोर्टचा कागद

लॅबचा लिफाफा घरी आला की आधी नजर जाते ती ठळक छापलेल्या आकड्याकडे. त्याच्या शेजारी 'एच' (जास्त) असतं किंवा 'एल' (कमी). लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या सुरतेच्या भागांतल्या मराठी घरांत हा कागद चार भाषांतून फिरतो. तो छापलेला असतो इंग्रजीत. लॅबच्या खिडकीवरचा मुलगा तो गुजरातीत सांगतो, "लोही ओछुं छे." डॉक्टर हिंदीत समजावतात. आणि उंबरठ्यावर सासूबाई अहिराणीत विचारतात, "रिपोर्टमा काय ऊनं?" उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा अख्ख्या कागदाची दोनच वाक्यं उरलेली असतात: "रक्त कमी आहे" आणि "थायरॉईड निघालं".

ही दोन वाक्यं उलगडून दाखवणं एवढंच या पुस्तिकेचं काम आहे.

पहिलं वाक्य अर्धवट आहे, कारण 'रक्त कमी' या दोन शब्दांमागे निदान चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यांचे इलाज एकमेकांपासून फार निराळे आहेत. दुसरं वाक्य तर शब्दशः चुकीचं आहे. थायरॉईड ही प्रत्येकाच्या गळ्यात असलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती 'निघत' नाही. निघतं ते तिच्या कामातलं कमीजास्त. पण ज्या घरात लग्नाला दोन-तीन वर्षं होऊनही पाळणा हललेला नाही, तिथे ही वाक्यं आजाराच्या वर्णनासारखी ऐकली जात नाहीत, सुनेवरच्या ठपक्यासारखी ऐकली जातात. म्हणूनच ती नीट वाचायला शिकणं हा नुसता वैद्यकीय ज्ञानाचा प्रश्न राहत नाही.

सुरतेतला मराठी माणूस बहुतेक खानदेशातला. धुळे, जळगाव, नंदुरबारहून तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने तो आला आणि यंत्रमागांवर, डाईंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत, कापड बाजारात हमालीवर लागला. महापालिकेच्या शाळा आजही मराठी माध्यमाचे वर्ग चालवतात, एवढी ही वस्ती मोठी. घरातली बाई बहुधा घरीच काम करते: साडीचे धागे कापणं, लेस लावणं, टिकल्या चिकटवणं. दिवसभर मान खाली घालून बसायचं, मध्ये चार वेळा चहा. थकवा आला, केस गळले, पाळी जास्त गेली, तर तिला आणि घरच्यांना ते कामाचंच वाटतं. तपासणीचा विषय निघतो तो मूल होत नाही म्हटल्यावर. मग स्मीमेर किंवा न्यू सिव्हिल रुग्णालयाची ओपीडी, नाहीतर गल्लीच्या तोंडावरची लॅब, आणि शेवटी हा लिफाफा.

आधी रक्ताचं पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयात मोडल्या. महाराष्ट्राचा आकडा 54.2 टक्के, गुजरातचा 65. त्याआधीच्या फेरीत गुजरात 54.9 टक्क्यांवर होता. गर्भवतींमध्ये गुजरातचं प्रमाण 62.6 टक्के. या आकड्यांवर वाद आहे आणि तो रास्त आहे. सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर यंत्र लावलं जातं. बोट दाबलं की थेंबात रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही मिसळतं आणि हिमोग्लोबिन खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं. म्हणून पुढच्या फेरीतून ही तपासणी वगळली गेली आणि शिरेतून रक्त घेऊन मोजणी करणारं वेगळं सर्वेक्षण हाती घेतलं गेलं. आकडा दहा टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तरी लिंबायतच्या बाईचा प्रश्न तसाच राहतो. पण तिने यातून एक गोष्ट घ्यावी: शिबिरात बोटाच्या थेंबावर काढलेल्या आकड्यावर घाबरून जाऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये. शिरेतलं रक्त देऊन पूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, करून घ्यावी.

या तपासणीत हिमोग्लोबिनची रेघ सगळ्यांना ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने गर्भवती नसलेल्या स्त्रीला 12 ग्रॅमच्या खाली रक्तक्षय, गर्भारपणात सुरुवातीच्या महिन्यांत 11 च्या खाली. आकडा 12.2 आला की घरात सुटकेचा श्वास सोडला जातो. खरी गडबड इथेच होते.

खानदेशातल्या जुन्या घरांत धान्याची कणगी असायची. ताटातली भाकरी रोज दिसते. कणगीत किती ज्वारी उरली आहे ते झाकण काढून डोकावल्याशिवाय कळत नाही. कणगी तळाला गेली तरी काही दिवस ताटात भाकरी येतच राहते. हिमोग्लोबिन ही ताटातली भाकरी. कणगी म्हणजे शरीराने साठवलेलं लोह, आणि तिच्यात डोकावण्याची तपासणी म्हणजे फेरिटीन. साध्या सीबीसीत फेरिटीन नसतं. ते वेगळं लिहून द्यावं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात. म्हणून ते राहून जातं. हिमोग्लोबिन 12.4 आणि फेरिटीन 8 अशी बाई कागदावर 'नॉर्मल' दिसते. प्रत्यक्षात तिची कणगी रिकामी असते.

कणगी किती भरलेली हवी, याचा हिशेब मांडता येतो. एका गर्भारपणाला एकूण जवळपास 1000 मिलिग्रॅम लोह लागतं: सुमारे 300 बाळ आणि वार मिळून घेतात, 500 च्या आसपास आईचं वाढणारं रक्त घेतं, उरलेलं रोजच्या झिजेत जातं. रोजच्या जेवणातून शरीरात मुरतं ते मात्र एक-दोन मिलिग्रॅमच. फेरिटीनचा एक आकडा म्हणजे साठ्यातलं अंदाजे आठ मिलिग्रॅम लोह, असा ढोबळ हिशेब धरला जातो. तेव्हा फेरिटीन 10 असलेल्या बाईकडे कसंबसं 80 मिलिग्रॅम शिल्लक असतं, आणि समोर हजाराचा खर्च. दर पाळीला 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल तर त्या एका पाळीतच तीसेक मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं. ज्या बाईला दोन दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, तिने हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. लाजेने गिळून टाकलेली ही माहिती कुठल्याच लॅबच्या यंत्रात दिसत नाही.

फेरिटीनची खालची सीमा जागतिक आरोग्य संघटना 15 मानते. मूल हवं असलेल्या स्त्रीसाठी बरेच डॉक्टर 30 च्या खाली आलं की उपचार सुरू करतात. काही लॅबच्या छापील कोष्टकात खालची मर्यादा याहूनही कमी असते, त्यामुळे 12 च्या आकड्यापुढे 'एल' नसतंही. उलट बाजूचा सापळाही आहे. ताप, जंतुसंसर्ग, सूज किंवा यकृताचा त्रास असेल तर फेरिटीन खोटं चढतं. कणगी रिकामी आणि आकडा मात्र भरलेला. म्हणून तापातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नये. आणि 'सीरम आयर्न' नावाची जी आणखी एक ओळ पॅकेजमध्ये येते, ती सकाळ-संध्याकाळ बदलते, आदल्या दिवशीच्या गोळीनेही बदलते. तिच्या एकटीच्या भरवशावर काही ठरवू नये.

इथे थोडं मागे, मुंबईला जायला हवं. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गर्भार बायका एका विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या. भारतात वैद्यकीय सेवेत असलेल्या मार्गारेट बाल्फोर यांनी या मृत्यूंकडे लक्ष वेधलं होतं. विल्सबाईंनी हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. त्यांनी बायकांचा आहार विचारला, घरं पाहिली, रक्त तपासलं. तांबड्या पेशी कमी होत्याच, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. तेव्हा हा आजार लोहाचा नव्हता. शेवटी उपाय सापडला तो यीस्टच्या अर्कात, मार्माइट या स्वस्तातल्या चिकट पदार्थात. 1931 मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्या अज्ञात घटकाला पुढे कित्येक वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज जगभर गर्भधारणेच्या आधीपासून दिली जाणारी ही गोळी मुंबईच्या गिरणीकामगार बायकांच्या रक्तातून निघाली आहे. सुरतेच्या यंत्रमागांच्या वस्तीत ती खाणाऱ्या प्रत्येकीला ही कुळकथा माहीत असायला हवी.

विल्सबाईंनी पेशीचा आकार पाहिला म्हणून त्यांना उत्तर सापडलं. आजच्या सीबीसीवर हाच आकार एमसीव्ही या अक्षरांपुढे छापलेला असतो, आणि ती ओळ फार कमी लोक वाचतात. 80 ते 100 मधला आकडा साधारण ठीक. त्याखाली गेला तर पेशी लहान, वर गेला तर मोठ्या. पण दोन कमतरता एकत्र असल्या की सरासरी फसवी येते. लोहाअभावी लहान झालेल्या आणि बी12 अभावी मोठ्या झालेल्या पेशी मिळून एमसीव्ही साळसूदपणे 88 दाखवतो. शाकाहारी घरांत हे वारंवार घडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यातल्या जवळपास दोनतृतीयांश गर्भवतींच्या रक्तात बी12 कमी होतं. ज्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी12 कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करताना बी12 ही एकदा पाहून घ्यावं, असं ही पुस्तिका आग्रहाने सांगते ते यामुळे.

लहान पेशींचं आणखी एक कारण सुरतेत विसरून चालत नाही. एमसीव्ही 65, फेरिटीन मात्र 60, आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. अशा वेळी थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका घ्यायची. एचबी-ए2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की ती बळावते. सिंधी आणि लोहाणा समाजांत हे वाहकपण जास्त आढळतं, पण कुठल्याही समाजात ते असू शकतं. दक्षिण गुजरातच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, म्हणजे भिल्ल, गामीत, चौधरी, पावरा या समाजांत, सिकलसेलचं वाहकपण मोठ्या प्रमाणावर आहे. गुजरात सरकारने 2006 मध्ये दक्षिणेच्या जिल्ह्यांतून सिकलसेलचा कार्यक्रम सुरू केला, आणि 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. वाहक असलेली व्यक्ती धडधाकट असते. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर गर्भारपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोहोंचं निदान एचपीएलसी या एकाच तपासणीत होतं. ती गर्भ राहण्याआधी करावी, आणि बायकोची सदोष आली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचीही करावी.

आता थायरॉईड. टीएसएच ही ओळ वाचताना बहुतेकांची उलटी समजूत होते: आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढलं. घडतं नेमकं उलटं. कारखान्यात माग संथ चालला की मास्तरचा आवाज चढतो. माग जोरात पळाला की मास्तर गप्प. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हा तो मास्तर, टीएसएच हा त्याचा आवाज आणि थायरॉईड हा माग. टीएसएच 9 म्हणजे माग मंदावला आहे म्हणून मास्तर ओरडतो आहे. माग खरोखर किती कापड विणतो हे पाहायचं तर फ्री टी4 पाहावं लागतं. टीएसएच चढलेलं पण टी4 शाबूत, तर कमतरता छुपी. टी4 ही उतरलेलं, तर उघड. मास्तरला ओरडायला लावणारा मेंदूचा संदेश प्रोलॅक्टिनही वाढवतो आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन बीज बाहेर पडण्यात अडथळा आणतं. पाळी पुढे जाणं, कधी खूप जास्त जाणं, गर्भ न राहणं, राहिलेला पडणं, या सगळ्यांमागे उघड कमतरता असू शकते.

भारतात ही तक्रार किती पसरलेली आहे? मुंबई, गोवा आणि अहमदाबादसह आठ शहरांतल्या 5,376 प्रौढांची तपासणी झाली होती. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 10.95 टक्के लोकांमध्ये थायरॉईडचं काम कमी आढळलं. छुपी कमतरता यात धरलेली नव्हती; ती आणखी सुमारे आठ टक्के लोकांत होती. आणि जवळपास 22 टक्के लोकांच्या रक्तात अँटी-टीपीओ म्हणजे स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं सापडली.

मूल हवं असलेल्या स्त्रीचं टीएसएच किती असावं, या प्रश्नावर गेल्या पंधरा वर्षांत डॉक्टरांचंच मत बदललं आहे, आणि जुन्या-नव्या सल्ल्यांच्या कात्रीत बाई सापडते. 2011 मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी 2.5 ही वरची मर्यादा सांगितली. तो आकडा इतका रुजला की 2.8 आलेल्या बाईलाही 'थायरॉईड आहे' असं सांगून गोळी सुरू होऊ लागली. 2017 मध्ये त्याच संस्थेने भूमिका बदलली: आपल्या लोकसंख्येचे आकडे वापरा, ते नसतील तर पहिल्या तिमाहीत वरची मर्यादा 4 च्या आसपास धरा. दिल्लीतल्या निरोगी गर्भवतींवर झालेल्या 2008 च्या अभ्यासात तर पहिल्या तिमाहीचा पल्ला 0.6 ते 5 असा आला होता. 2.5 हा आकडा निरुपयोगी झालेला नाही. जी स्त्री आधीच थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, गोळी घेते आहे, तिचं टीएसएच गर्भ राहण्याआधी 2.5 च्या खाली आणावं असा सल्ला आजही आहे. आयव्हीएफ करणाऱ्या आणि छुपी कमतरता असलेल्या स्त्रीसाठीही तेच. पण जिने कधी गोळी घेतली नाही, पाळी नियमित आहे, प्रतिपिंडं नाहीत, आणि टीएसएच 3.1 आहे, तिला आजारी ठरवणं अन्यायाचं आहे.

अँटी-टीपीओ सापडलं की भीती आणखी वाढते, कारण अशा स्त्रियांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसतं. मग टीएसएच ठीक असतानाही गोळी दिली तर फायदा होईल का? ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने याचं उत्तर 2019 मध्ये दिलं. प्रतिपिंडं असलेल्या पण थायरॉईडचं काम ठीक असलेल्या 952 स्त्रियांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. जिवंत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण एका गटात 37.4 टक्के, दुसऱ्यात 37.9. फरक नाही. अशा स्त्रीला गोळीपेक्षा वेळोवेळी टीएसएच तपासण्याची गरज आहे, कारण गर्भारपणाचा भार पडल्यावर तिची थायरॉईड इतरांपेक्षा लवकर दमते.

टीएसएच खूप खाली, 0.1 च्याही आत असेल तर प्रश्न उलटा: माग भलताच पळतो आहे. यावरची काही औषधं गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बदलावी लागतात, म्हणून हे निदान असेल तर डॉक्टरांशी आधी बोलूनच पुढे जायचं. मात्र गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत टीएसएच थोडं उतरतं ते बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. वारेतून येणारं संप्रेरक थायरॉईडला परस्पर कामाला लावतं आणि मास्तर आपोआप गप्प होतो.

लोह आणि थायरॉईड या दोन गोष्टी एकाच पुस्तिकेत का, असं कुणी विचारेल. थायरॉईडचं संप्रेरक बनवणारं जे मुख्य एन्झाइम, टीपीओ, त्याच्या गाभ्यातच लोह असतं. कणगी रिकामी झाली की मागही नीट चालत नाही. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड झालेल्या मुलांना आयोडीन दिलं, पण ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांना त्याचा गुण कमी आला. लोह दिल्यावर आला. उलट, थायरॉईड मंदावली की पाळीत रक्त जास्त जातं, म्हणजे कणगीला भोक पडतं. दोन कागद दोन वेगळ्या डॉक्टरांकडे नेले तर दोघंही आपापल्या परीने बरोबर इलाज करतात आणि हा दुवा कुणाच्याच हाती लागत नाही.

हे दोन इलाज पोटातही एकमेकांना आडवे येतात. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, निव्वळ पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढे निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदम घेऊन कामाला बसण्याची सवय घरोघरी आहे, आणि तीत दोन्ही औषधं वाया जातात: लोह थायरॉक्सिनला धरून ठेवतं, चहा लोहाला. मग टीएसएच उतरत नाही, डोस वाढतो, हिमोग्लोबिन चढत नाही, आणि दोष बाईच्या प्रकृतीवर ढकलला जातो. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर लोह घेणं जमण्यासारखं आहे. झ्युरिकच्या संशोधकांनी दाखवलं आहे की लोहाची एक गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि दिवसभर पुढचं लोह अडवतं; त्यामुळे सौम्य कमतरतेत एक दिवसाआड घेतलेली गोळी जास्त मुरते आणि पोटालाही कमी त्रास देते. कुणी रोज घ्यायची आणि कुणी एक दिवसाआड, हे डॉक्टर ठरवतील. विचारायला हरकत नाही. सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची लाल गोळी प्रजननवयातल्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा आणि गर्भवतींना रोज देण्याची सोय आहे.

थायरॉईडला लागणारं आयोडीन मिठातून येतं, म्हणून मिठाचंही सांगायला हवं. देशातलं बहुतेक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावर पिकतं, तरी सातपुड्याच्या पायथ्याचे भाग गलगंडासाठी जुन्या काळापासून ओळखले जातात. 1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध झाला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरात पोचलेल्या मिठात निदान 15 पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. उपवासाचं सैंधव किंवा हल्ली आरोग्याच्या नावाखाली रोजच्या स्वयंपाकात आलेलं गुलाबी मीठ यांत ते घातलेलं नसतं. गर्भ राहण्याची वाट पाहणाऱ्या घरात साधं आयोडीनयुक्त मीठच वापरावं, आणि डबा झाकून ठेवावा.

या पुस्तिकेत आहाराचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, मेथी-पोकळ्याची भाजी, हरभरा, आणि सुरतेच्या हिवाळ्यातला पोंक, यांत लोह आहे, पण ते वनस्पतीतलं असल्यामुळे कमी मुरतं. शेजारी लिंबू किंवा आवळा असला आणि चहा तासभर लांब ठेवला तर जास्त मुरतं. रिकामी झालेली कणगी मात्र एकट्या भाकरीने भरत नाही. त्याला गोळ्याच लागतात, आणि तीन ते सहा महिने लागतात.

आणि हा कागद एकट्या बाईचा नाही. मूल होत नाही म्हणून तिच्या रक्ताच्या दहा तपासण्या होऊन जातात, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी वर्षभर रखडते. ती स्वस्त आहे, सोपी आहे, आणि बऱ्याच जोडप्यांत उत्तर तिच्यातच असतं. टीएसएच 3.4 हे कारण सापडलं असं समजून सगळे तिथेच थांबले, तर वेळ तिचीच जाते. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून गर्भ राहिला नसेल तर दोघांनी एकत्र जावं. ओपीडीच्या रांगेत दोघांची नावं एकाच दिवशी लागावीत.

रक्त द्यायला जाताना काही गोष्टी पाळल्या तर आकडा विश्वासाचा येतो. टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी, सकाळी रक्त द्यावं. थायरॉक्सिन चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर निदान दोन दिवस आधी थांबवावी. तिच्यामुळे काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे साफ चुकतात. गर्भारपण नसेल तर डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत पुन्हा टीएसएच करण्यात अर्थ नसतो. एककांच्या फरकाने गोंधळू नये: टीएसएच मिली-आययू प्रति लिटरमध्ये छापलं काय आणि मायक्रो-आययू प्रति मिलिलिटरमध्ये छापलं काय, आकडा तोच, फेरिटीनचंही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या बाबतीत तसंच. जुने रिपोर्ट फेकू नयेत, तारखेप्रमाणे एका फाईलला लावावेत.

गोळी चालू असलेल्या स्त्रीसाठी सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हणजे किटवर दोन रेघा उमटतात तो. नेमकी त्याच दिवशी कितीतरी घरांत गोळी बंद होते, 'बाळाला औषध नको' म्हणून. बाळाची स्वतःची थायरॉईड बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचंच संप्रेरक लागतं, आणि तिची गरज पहिल्या काही आठवड्यांतच पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढते. म्हणून बरेच डॉक्टर आधीच सांगून ठेवतात, की पाळी चुकून चाचणी होकारार्थी आली तर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायच्या, आणि लगेच टीएसएच करून यायचं. पुढे निम्म्या गर्भारपणापर्यंत दर चार आठवड्यांनी. आपल्या बाबतीत काय करायचं, हे गर्भ राहण्याआधीच विचारून घ्यावं आणि घरच्या माणसांसमोर विचारावं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यासाठी रकाना ठेवला आहे: आजचा डोस, दोन रेघा दिसल्यावरचा डोस, पुढच्या टीएसएचची तारीख, दवाखान्याचा फोन. तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा आणि सासूबाईंना वाचून दाखवावा.